मशीननं बंद केलेला कंस

आधीच माफी मागतो. माझी शाळा आठवीत सुटली. ऱ्हस्व-दीर्घ चुकतील, शब्दही साधेच आहेत. मशीनकडून शुद्ध करून घेता आलं असतं. ते का केलं नाही, तेच सांगायचंय.

कुठल्याशा गावी एक भोळा नाटककार राहायचा. गाव आमचंच आणि नाटककार मीच.

आमच्या जत्रेत दरवर्षी बाहेरून नाटक यायचं. यंदा दौलूनाना म्हणाले, गावच्याच पोराचं करू. पडलं तर पुढच्या वर्षीपासून पुन्हा बाहेरचं. दौलूनाना म्हणजे आमचे दिग्दर्शक. मी दरोडेखोराचं नाटक लिहिलं आणि आईनं मावशीला तेव्हाच निरोप धाडला, की पुढची जागा धर.

आमच्याकडं नट पाठांतर करत नाहीत. पडद्याआडून प्रॉम्प्टर हळू सांगतो, नट ते मोठ्यानं बोलतो. प्रॉम्प्टरही मीच.

दूध संस्थेत वैजूताई आहेत, कॉम्प्युटरवर बसतात. त्यांनी मला टाइप करायला शिकवलं. म्हणाल्या, "लाल रेघ आली की चूक समजायची. मशीन सांगेल ते मुकाट घ्यायचं."

मी मुकाट घेतलं. सगळं नाटकच लाल होतं, त्यामुळं वेळ लागला.

तालमीला सर्जेराव पैलवान दरोडेखोर होऊन आले, हातात कुऱ्हाड. माझं मूळ वाक्य होतं, "ए थेरड्या, दागिनं काढ, न्हाईतर तंगडं मोडीन." मी कागदावरचं सांगितलं. सर्जेराव गरजले, "अहो वृद्ध गृहस्थ, कृपया दागिने काढावेत, अन्यथा आपला पाय मोडेन."

म्हाताऱ्या पाटलाचं काम धोंडूअण्णांकडं होतं. इतक्या आदरानं त्यांच्याशी घरातही कुणी बोलत नसावं. ते म्हणाले, "बसा की."

दौलूनानांनी कपाळाला हात लावला. मला बाजूला घेऊन समजावलं, की मशीनचं ऐकू नको, माणसांचं ऐक. माणसं बोलतात तसंच्या तसं लिही.

मी पुढच्या तालमीत कोपऱ्यात बसलो आणि माणसं बोलली तसंच्या तसं लिहून घेतलं. लाल रेघांकडं ढुंकून बघितलं नाही.

त्यानंतरच्या तालमीत सर्जेरावांनी कुऱ्हाड उगारली. "माल कुठं दडवलायस?"

धोंडूअण्णा थरथरत म्हणाले, "चहात आलं घातलं न्हाई."

"खरं बोल."

"आईशप्पथ. साखर बी कमीच हाय."

दोघांनी काम मात्र जीव ओतून केलं. दौलूनाना बराच वेळ खांबाला धरून उभे होते. मग त्यांनी मला कंस शिकवला. नटानं कुठं उभं राहायचं, कधी पडायचं, असलं सगळं कंसात टाकायचं. कंसातलं बोलायचं नसतं, नुसतं करायचं असतं. एवढं तरी डोक्यात ठेव, म्हणाले. मी ठेवलं.

जत्रेदिवशी दुपारी नाटक पुन्हा नीट टाइप केलं. सुरुवातीलाच कंस उघडून लिहिलं, 'पडदा वर जातो'. कंस बंद करायचा राहिला. पण मशीन हुशार. चूक त्याच्या लक्षात आली आणि त्यानं आपणहून कंस बंद केला. पार शेवटच्या पानावर, 'पडदा पडतो'च्या पुढं. मी मनातल्या मनात त्याचे आभार मानले.

दिवेलागणीला पडदा वर गेला. सर्जेराव कुऱ्हाड घेऊन पुढं आले आणि थांबले. त्यांच्या डोक्यात आधीची दोन्ही नाटकं एकमेकांशी भांडत असणार. मी कागद बघितला. सगळं कंसात. मी गप्प बसलो.

लोकांना वाटलं, स्पीकर बिघडला. स्पीकरवाल्यानं आवाज वाढवला. शांतता आणखी मोठ्यानं ऐकू यायला लागली. पुढच्या रांगेतली मावशी आईला काहीतरी विचारत होती आणि आई माझ्याकडं बघत होती.

सर्जेराव पडद्याकडं सरकले. ओठ न हलवता म्हणाले, "पुढं काय?"

"करा," मी सांगितलं.

"काय करू?"

"बोलायचंय ते करा."

त्यांनी थोडा विचार केला. मग कुऱ्हाड खाली ठेवली आणि शड्डू ठोकला. त्यांना तेवढंच येत होतं. धोंडूअण्णांनी वयाप्रमाणं लगेच पाठ टेकली. कुस्ती निकाली म्हणून लोकांनी फेटे उडवले, आणि नाटक संपलं.

दौलूनाना आत आले. माझ्या हातातला कागद घेऊन पहिलं पान बघितलं, शेवटचं बघितलं. आवाज अजिबात न चढवता म्हणाले, "बाळा, उद्यापासून मला तोंड दाखवू नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी टॉवेलानं तोंड नीट झाकून घेतलं, चाचपडत त्यांच्या दारात गेलो आणि विचारलं, "नाना, पुढच्या वर्षीचं कधी लिहायला घेऊ?"