झोपलेल्या नदीचा वाटाड्या

फार फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. तेव्हा राजा कोण होता ते आज कुणाला आठवत नाही. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनी जास्त लक्ष देऊन ऐकावी.

उत्तरेला एक पांढरा डोंगर होता. डोंगराच्या अलीकडे एक गाव, पलीकडे एक वाडी, आणि मधे बर्फाची नदी. लांबून ती वाहताना दिसत नसे, म्हणून लोक तिला झोपलेली नदी म्हणत. पण जाणते सांगत, ही झोपेत चालते आणि झोपेत बोलते.

ती काय बोलते ते ऐकणं हे वाटाड्याचं काम.

त्या बर्फात भेगा होत्या. एकेका भेगेत घर मावलं असतं. वरून बर्फाचं पातळ छप्पर आलं की भेग दिसत नसे. म्हणून वाटाड्या पुढे चाले, लोखंडी टोकाच्या काठीनं बर्फ ठोकी आणि कान देई. आवाज घट्ट आला तर खाली भरीव. आवाज ढोलासारखा आला तर खाली पोकळ. मागची माणसं एकाच दोरानं त्याच्या कमरेला बांधलेली असत. बर्फावर असेपर्यंत मागच्यानं तोंडातून शब्द काढायचा नाही, असा नियम होता. पुढच्याचा शब्द तेवढा खरा.

गावात एक म्हातारा वाटाड्या होता. चाळीस उन्हाळे त्यानं माणसं पलीकडे नेली आणि एकही गमावला नाही. तो मानी होता, आणि मानी असायला त्याला कारणही होतं.

पण दोन हिवाळ्यांपासून त्याला ऐकू येत नव्हतं.

आधी पाखरं गेली. मग चुलीतल्या लाकडाचा आवाज गेला. मग माणसांचे आवाज धुक्यात शिरल्यासारखे विरत गेले. समोरचा हळू बोलला तर त्याच्या ओठांवरून म्हातारा अर्थ लावी. लोक हसले की तो हसे, थोडं उशिरा. एकदा कुणी विचारलं, "जेवलात का?" तो म्हणाला, "आभाळ दोन दिवसांत उघडेल." लोक म्हणाले, म्हातारा तिरसट झालाय, सरळ उत्तर देत नाही. त्यानं ते तसंच चालू दिलं. तिरसट म्हटलेलं त्याला चालत होतं. बहिरा म्हटलेलं चाललं नसतं.

आता पुढचं ऐका.

ऋतू सरत आला होता. मेंढरं घेऊन तरुण वाटाडे खालच्या कुरणांकडे उतरले होते. उन्हाळाभर वितळून भेगांवरची छपरं झिजली होती आणि त्यावर नुकताच वीतभर नवा बर्फ पडला होता. भरीव आणि पोकळ एकसारखंच पांढरं दिसत होतं. अशा दिवसांत डोळ्यांचा काही उपयोग नसतो.

एका पहाटे डोंगरापलीकडून धुराचे तीन खांब वर चढले. तीन धूर म्हणजे सुईण पाठवा.

वाडीत त्या वेळी एकच बाई पोटुशी होती. ती म्हाताऱ्याची एकुलती लेक. तिची आधीची दोन बाळं जगली नव्हती. दोन्ही वेळा सुईण पोचायला उशीर झाला होता. या वेळी बापानं तिला माहेरी आणायचं ठरवलं होतं. पण महिनाभर आधीच पोट दुखायला लागलं.

मुखिया म्हणाला, "कुरणातून एखादा तरुण वाटाड्या बोलावू. दोन दिवस लागतील."

"बाळ दोन दिवस थांबेल का?" म्हातारा म्हणाला. "मी जातो."

हे त्याचं बरोबर होतं. जाणं भागच होतं. पण जाताना जे सांगायला हवं होतं, ते त्यानं सांगितलं नाही.

सुईण त्याच्याच वयाची, ठेंगणी आणि तोंडाची फटकळ. तिनं तेल, औषधी मुळ्या, दोरा, पातं आणि स्वच्छ कापड यांचं गाठोडं बांधलं. म्हाताऱ्यानं ते पाठीला लावलं. दोघं एका दोराला बांधली गेली आणि उजाडता उजाडता बर्फावर चढली.

वर सगळं स्वप्नासारखं होतं. ऊन पडलं की बर्फ गुलाबी होई, मग सोनेरी, मग इतका पांढरा की आपलेच पाय परक्याचे वाटावेत. ढग खालून चालले होते. म्हाताऱ्याला तर कसलाच आवाज नव्हता. काठी पडे, उठे, पडे, उठे. कापसावर पडल्यासारखी. आपण चालतोय की निजलोय, असं त्याला मधेच वाटे. पायांना वाट पाठ आहे, असं तो मनाला सांगत होता.

सुईणीला मात्र सगळं ऐकू येत होतं. खोल कुठंतरी पाणी पुटपुटत होतं. बर्फ कण्हत होता, अवघडलेल्या बाईसारखा. जन्मभर बायकांच्या पोटाला कान लावून तिनं आतलं ऐकलं होतं. पोकळ काय आणि भरीव काय, तिला शिकवावं लागलं नाही.

एके ठिकाणी काठी पडली आणि आवाज ढोलासारखा आला. म्हातारा म्हणाला, "पक्कं आहे," आणि पुढे गेला. बर्फानं कसंबसं दोघांना पेललं.

सुईणीनं त्याची परीक्षा घ्यायची ठरवलं. तिनं नियम मोडला. मागूनच म्हणाली, "दादा, तुमचं मुंडासं पेटलंय."

म्हातारा चालत राहिला.

"दादा, मागून अस्वल येतंय. तुमची चौकशी करतंय."

म्हातारा चालत राहिला.

पुढे पुन्हा काठी पडली. या वेळचा आवाज रिकाम्या रांजणाचा होता. म्हाताऱ्यानं पाय उचलला. सुईणीनं दोर जोरात ओढला.

तो वळला. संतापला होता. "बर्फावर बोलायचं नाही, ठाऊक नाही का?"

"बोलले कुठं? दोर ओढला. पुढं पोकळ आहे."

"पक्कं आहे. मी ठोकलंय."

"ठोकलंत. पण ऐकलंत का?"

म्हाताऱ्याचा चेहरा लाल झाला. "चाळीस उन्हाळे मी या बर्फावर..."

"उन्हाळे मी विचारले नाहीत. मघा मी म्हटलं, तुमचं मुंडासं पेटलंय. तुम्ही मान तरी वळवलीत का?"

म्हाताऱ्याचा हात आपोआप मुंडाशाकडे गेला. मघाशी आपण ऐकलंच नव्हतं हे यानं उघड झालं, ते मग त्याच्या ध्यानात आलं.

इथं तो थांबला असता तर गोष्ट इथंच संपती. पण मानी माणूस पकडला गेला की दुप्पट मानी होतो. तो म्हणाला, "बाई, तुझं काम पोटं बघायचं. वाट मला कळते." आणि त्यानं पाठ फिरवली.

सुईण वाद घालत बसली नाही. तिनं आपली काठी बर्फात खोल रोवली, दोराचे तीन वेढे तिला दिले, टाचा रुतवल्या आणि फतकल मारून बसली.

म्हाताऱ्यानं तीन पावलं टाकली. चौथं पाऊल कुठंच टेकलं नाही.

दोरानं त्याला हिसका दिला. तो निळ्या उजेडात लोंबकळत होता. दोन्ही बाजूंना काचेसारख्या भिंती, खाली निळं गडद होत गेलेलं. फार सुंदर होतं ते. वर पाहिलं तर दोर बोटभर खाली सरकला. मग आणखी बोटभर. पाठीवरच्या ओझ्यानं सुईणीची काठी उपटत आली होती. ती वरून जीव तोडून ओरडत होती, "गाठोडं सोडा!" त्याला ते ऐकू आलं नाही. पण सरकता दोर त्याला दिसत होता.

त्यानं गाठोडं सोडलं. आणि सवयीनं कान दिला, ते तळाला आपटल्याचा आवाज ऐकायला.

आवाज आला नाही.

भेगेला तळ नाही, की आपल्याला कान नाहीत? हे त्याला सांगता येईना. दोन हिवाळ्यांत तो पहिल्यांदा घाबरला.

कमरेची कुऱ्हाड काढून त्यानं भिंतीत खाचा पाडल्या आणि एकेक खाच चढत वर आला. सुईणीचे तळहात सोलवटले होते. 

"कधीपासून?" तिनं त्याच्यासमोर येऊन विचारलं.

"दोन हिवाळे."

"लेकीला ठाऊक आहे?"

त्यानं मान हलवली. कुणालाच ठाऊक नव्हतं.

"आणि तेव्हापासून जी माणसं पलीकडे नेलीत?"

म्हातारा खाली बघत म्हणाला, "नशिबानं पोचली."

हे वाक्य त्याला बर्फातून वर येण्यापेक्षा जड गेलं.

"तुमच्यावर रागवायचंय मला, पण नंतर," सुईण म्हणाली. "आता लेक वाट बघतेय. कुठं ठोकायचं, कसं ठोकायचं, ते तुम्हाला कळतं. ऐकायचं मी. दोराला एक ओढ दिली तर चला. दोन दिल्या तर थांबा."

तशी दोघं निघाली. म्हातारा ठोकी, सुईण ऐके, दोर सांगे. जिथं तिला शंका आली तिथं ती पालथी झोपून बर्फाला कान लावी. नऊ वेळा दोनदा दोर ओढला गेला. नऊ वेळा म्हातारा गुमान दुसऱ्या बाजूनं वळला.

ऊन उतरायच्या आत दोघं वाडीत पोचली. विहीणबाई धावत आल्या. "गाठोडं कुठाय?" त्यांनी विचारलं.

सुईण काही बोलायच्या आत म्हातारा म्हणाला, "माझ्यामुळं गेलं. मला ऐकू येत नाही, आणि ते मी लपवलं."

सगळे त्याच्याकडे बघत राहिले. सुईण म्हणाली, "बघता काय? लोणी आणा, पाणी तापवा, घरात असेल ते पातं विस्तवात धरा." आणि ती आत गेली.

बाळ आडवं होतं. सुईणीच्या सोललेल्या हातांना वेळ लागला. बाहेर अंगणात वाडीतली माणसं बसली होती. म्हातारा एका बाजूला बसला होता. समोरच्या शिखरावरचं ऊन हळूहळू विझत होतं, आणि त्याच्याभोवती तीच कापसासारखी शांतता होती.

अचानक सगळे एकदम उठले. कुणी तोंडावर हात धरला. जावई रडत होता. आनंदानं की दुःखानं, ते म्हाताऱ्याला कळेना. पूर्वी असता तर बाकीचे काय करतात ते बघून त्यानं तसंच केलं असतं.

तो उभा राहिला आणि मोठ्यानं म्हणाला, "मला ऐकू येत नाही. काय झालं ते कुणीतरी सांगा."

विहीणबाई त्याच्याजवळ आल्या. त्यांनी त्याला हाताला धरून आत नेलं. लेक दमून पडली होती, पण डोळे उघडे होते. विहीणबाईंनी म्हाताऱ्याचा रापलेला तळहात बाळाच्या छातीवर ठेवला. ती इवलीशी छाती त्याच्या हाताखाली थरथरत होती, थांबत होती, पुन्हा थरथरत होती.

"रडतंय," म्हातारा म्हणाला. "मोठ्यानं रडतंय."

पुढे त्या डोंगरावर नवा नियम झाला. पुढच्यानं ठोकायचं, मागच्यानं ऐकायचं, आणि दोर ओढला गेला की पुढच्यानं थांबायचं, मग तो कितीही जुना वाटाड्या असो. बर्फावर पाय ठेवण्याआधी ज्याचं जे उणं असेल ते त्यानं सगळ्यांसमोर सांगायचं. म्हातारा आणखी काही वर्षं डोंगर चढला, आणि प्रत्येक वेळी सर्वांत आधी तोच सांगे.

बोध एवढाच: आपलं उणं जो वेळेवर सांगतो, त्याच्याबरोबर निघालेली माणसं घरी पोचतात.