कांबळ्याची पोच

"आणि पार्सल आणणारा? तो काय म्हणाला?" दस्तगीरबाबांनी विचारलं.

शार्दूल थबकला. एवढी लढाई सांगायला घेतली, आणि बाबांनी विचारावं ते हे!

"तो काय म्हणणार, बाबा? थाप मारली त्याने. मी कंपनीचं सांगतोय."

"सांग."

शार्दूल सबनीस नुकताच वकिलीची परीक्षा पास झाला होता. तालुक्याच्या गावी लोकांना ग्राहक तक्रारी फुकट लिहून द्यायचा. माणसाने आपला हक्क सोडता कामा नये, हे त्याचं ठाम मत. बाबा त्यावर कधी हो म्हणाले नव्हते, कधी नाही म्हणाले नव्हते. 'वकीलसाहेब' म्हणून हाक मात्र मारायचे.

गेली तीन वर्षं दर गुरुवारी तो टेकडीवरच्या या तकियात, बाबांच्या फकिरी मठीत, येऊन बसे. निघताना हातात कधी पपई असे, कधी गुळाचा खडा. तकियाचा रिवाजच तसा होता. दिवसभरात दारी जे येईल ते मावळतीच्या आत कुणाला तरी देऊन टाकायचं. रात्रीसाठी मूठभर पीठसुद्धा राखायचं नाही.

आज मात्र तो स्वतःच एक पिशवी घेऊन आला होता. ती मांडीवर घट्ट धरून बोलत होता.

"मार्गशीर्षात मी ऑनलाइन एक वस्तू मागवली. ती आलीच नाही. कंपनी म्हणते, पोचली. सतरा फोन केले, बाबा. दर वेळी नवा माणूस, नवा तक्रार क्रमांक, आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगा. कुणीही कंटाळला असता. मी नोटीस धाडली. तेव्हा कुठे वठणीवर आले. वस्तूची किंमत परत, वर मनस्तापाबद्दल पाच हजार!"

"मनस्ताप कुणाला झाला?"

"मला."

"बरं…"

बाबांनी खांद्यावरची चादर सारखी केली. चादर जुनीच होती, दोन ठिकाणी फाटलेली. थंडी आता ओसरत आली होती, तरी टेकडीवर वारा बोचायचा.

"पुरावा पक्का होता ना?" बाबा म्हणाले.

शार्दूलला हुरूप आला.

"पक्का म्हणजे? तो दिनकर परीट, पार्सलवाला, एसटी स्टँडवर चहा पीत होता. माझी वस्तू अंगावर घेऊन! मी फोटो काढला, तक्रारीला जोडला. आठ दिवसांत कामावरून काढला त्याला."

"बायकामुलं?"

"असतील की… पण बाबा, चोरी ती चोरीच. नंतर त्यालाच लाज वाटली असावी. वस्तू धुऊन, घडी घालून माझ्या दारात ठेवून गेला. न बोलता. म्हणजे कबुलीच झाली की नाही?"

बाबांनी त्याच्या मांडीवरच्या पिशवीकडे बघितलं.

"आणि हे तर बघाच." शार्दूलने खिशातून कागद काढला. "कंपनीने सही म्हणून हे पाठवलं होतं. मोबाइलच्या काचेवर बोटाने सही घेतात ना, त्याची प्रत. ही काय सही आहे? नुसती उभी रेघ. शेंबडं पोरही ओढेल. मी लिहिलं, ही सही बनावट आहे. इथेच जिंकलो मी."

बाबांनी कागद हातात घेतला. डोळ्यांजवळ नेला. मग लांब धरला.



"रेघ नाही ही," ते म्हणाले. "अलिफ आहे."

"काय?"

"अलिफ. आमचं पहिलं अक्षर. मला तेवढंच येतं."

शार्दूल हसला. मग त्याचं हसू तसंच तोंडावर राहिलं.

"त्याने काच पुढे केली," बाबा म्हणाले. "म्हणाला, बाबा, बोट फिरवा. मी अलिफ काढला. तो म्हणाला, चालेल."

"म्हणजे ते… इथे…"

"करडं होतं. लाल काठाचं. कांबळं."

ते बाबांसाठी होतं, हे शार्दूलने कुणाकडेच बोलून दाखवलं नव्हतं. बाबांच्या अंगावरची फाटकी चादर बघून त्याने ते मागवलं होतं. हिमाचलच्या एका विणकराकडचं, एकुलतं एक. पत्ता तकियाचा दिला होता आणि आपलं नाव घातलं नव्हतं. त्यानंतर दर गुरुवारी बाबांच्या खांद्याकडे बघत होता. दर गुरुवारी तीच चादर दिसत होती.

"सूर्य मावळायला आला होता," बाबा सांगत होते. "तो खालून गाडी ढकलत आला होता. पेट्रोल संपलेलं. ओठ काळेनिळे. दारी आलेलं द्यायचं, आणि दारी माणूस तो एकटाच. म्हणाला, नको बाबा, माझी नोकरी जाईल."

बाबांनी सहीच्या कागदाची घडी घातली.

"मी म्हटलं, दिलेल्याने कुणाची नोकरी जाते का, वेड्या?"

वारा आत आला. भिंतीवरचं कॅलेंडर फडफडलं.

"बाबा, तुमच्या अंगावर ते नव्हतं. मला वाटलं, म्हणजे पोचलंच नाही…"

"पपई नेलीस ना तू इथून?"

"नेली. पण ती पपई, बाबा. हे चार हजारांचं होतं."

बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

"मला विचारायचं होतंस."

"गुप्तदान होतं. सांगायचं नव्हतं."

"मग तक्रार कशी गावभर केलीस?"

शार्दूलने मान खाली घातली. पिशवीचे बंद त्याच्या बोटांना काचत होते.

"स्टँडवर तो काय म्हणाला?" बाबांनी पुन्हा विचारलं. तेच. पहिल्यापासून तेच विचारत होते.

या वेळी शार्दूलला सांगावं लागलं.

"म्हणाला… दस्तगीरबाबांनी पांघरलं माझ्या अंगावर. वर चला, विचारा त्यांना."

"मग?"

"मी म्हटलं, फकिराचं नाव घेतोस, लाज नाही वाटत? चार माणसं होती तिथे. ती हसली."

"तो?"

"तोही जरा हसला. मग चहा अर्धा टाकून गेला."



"तो आला होता इथे, नंतर," बाबा म्हणाले. "बसला. चहा प्याला. अंगावर कांबळं नव्हतं. मी बघितलं, पण विचारलं नाही. दिलेल्याची चौकशी करायची नाही, असा आमचा रिवाज… त्या दिवशी तो मोडायला हवा होता."

बाबांचा आवाज इतका थकलेला शार्दूलने कधी ऐकला नव्हता.

"मी कंपनीला खरं लिहितो, बाबा. पैसे परत करतो."

"लिही."

"पण त्याच्या जागी त्यांनी नवा माणूस घेतलाय."

"घेणारच."

"मग हे पैसे दिनकरलाच देतो. भरपाई म्हणून."

"कशाची?"

शार्दूलने तोंड उघडलं. नोकरीची म्हणावं, तर चार माणसांचं ते हसणं आठवलं. हसण्याची म्हणावं, तर तो अर्धा चहा. वकिलीच्या परीक्षेत त्याला या विषयात पंच्याऐंशी गुण होते.

बाबांनी हात पुढे केला. शार्दूलने पिशवीतून कांबळं काढून त्यांच्या हातात ठेवलं. साबणाचा वास आला. घडी इतकी नेटकी होती की चारही कोपरे एकावर एक बसले होते. परटाच्या हातची घडी. इतके दिवस घरात होतं, पण शार्दूलचं तिकडे लक्ष गेलं नव्हतं.

बाबांनी ते क्षणभर गालाला लावलं.

"ऊब आहे," ते म्हणाले.

मग उंबऱ्याकडे बघितलं. ऊन अजून टीचभर होतं. कोनाड्यातून त्यांनी जुनं वर्तमानपत्र काढलं, कांबळं त्यात गुंडाळलं, वरून सुतळी बांधली. गाठ दाताने आवळली. पार्सल शार्दूलच्या मांडीवर ठेवलं.

"आज दारी आलं हे. आणि दारी तू एकटाच आहेस."

"माझ्यासाठी?"

बाबांनी नुसतं बघितलं. शार्दूलला समजलं.

"त्याचा पत्ता नाही, बाबा. खोली सोडून गेला. फोन बंद आहे. कुणी म्हणतं सासुरवाडीला गेला, कुणी म्हणतं वीटभट्टीवर."

"माझ्या दारावर तरी कुठे नंबर आहे? तो विचारत विचारतच आला होता."

"आणि त्याने दार लावून घेतलं तर?"

बाबा चादर लपेटत राहिले…

शार्दूल उठला. पार्सल छातीशी धरलं. ते हलकं होतं, तरी त्याने दोन्ही हात लावले. चपला घालून तो उताराला लागला.

"वकीलसाहेब!"

तो वळला. बाबा उंबऱ्यात उभे होते. ऊन त्यांच्या पायांपासून मागे सरलं होतं.

"सही मागू नकोस."