मेमरीची खाच

माझा मुलगा निरंजन गेला, त्याचं गाणं तेवढं कॉम्प्युटरात राहिलं. एक दिवस कॉम्प्युटर सुरू होईना. भिंतीवर चार प्रमाणपत्रं टांगलेला दुकानदार खरवंडीकर म्हणाला, मेमरी गेली. त्यानं जुनी मेमरीची पट्टी काढून नवी दाबून पाहिली. बसेना, तेव्हा म्हणाला, "आजी, मशीनच मेलं. भंगारात द्या."

मी जुनी पट्टी नवीच्या शेजारी धरली. दोघींच्या कडेची खाच वेगळ्या जागी होती.

"तुम्हाला काय कळतंय यातलं?" तो हसला.

"चाळीस वर्षं कपडे शिवलेत, बाबा. काजात बटण जाईना, तर गिऱ्हाईक मेलं म्हणत नाहीत. शिंपी चुकला म्हणतात."

त्यानं जुन्या जातीची पट्टी शोधून बसवली. घरी निरंजन गायला. मशीन जिवंत होतं, एवढंच.