वेशीवरचं घर

आज जिथे मेंढ्या चरतात, तिथे फार फार वर्षांपूर्वी एक गजबजलेलं शहर होतं. आर्मेनियाच्या डोंगराळ मुलखातलं. दोन बाजूंना खोल दरी, तिसऱ्या बाजूला तांबड्या दगडाचा दुहेरी तट. आत चर्च इतकी, की एकाची घंटा थांबायच्या आत दुसऱ्याची सुरू होई.

तटाला वेस एकच, आणि तिचा राखणदार तोरोस. शहराचा जुना दंडक असा, की राखणदाराने बायकापोरांसह वेशीच्या माथ्यावरच्या घरातच राहायचं. ज्याची पोरं दारामागे झोपतात तो दार नीट लावतो, हा वाडवडिलांचा हिशेब. सकाळी त्या घरातून धूर निघाला की लोक निर्धास्तपणे कामाला लागत.

एकदा द्राक्षं उतरवायच्या दिवसांत एक व्यापारी धापा टाकत आला. पूर्वेकडून मोठं सैन्य निघालंय, दहा दिवसांत इथे पोचेल, म्हणाला. लोक वेशीपाशी गोळा झाले. तोरोस पायरीवर उभा राहिला.

"तट भक्कम आहे, धान्य दोन वर्षांचं आहे," तो म्हणाला. "भिण्यासारखं काही नाही."

लोकांच्या जिवात जीव आला. पण बोलणाऱ्याचीच पाचावर धारण बसली होती. त्याला दोन लहान मुली होत्या. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याने बायकोला, शुशानला, आणि मुलींना लोकरीच्या गाडीत लपवून खिंडीपलीकडे तिच्या माहेरी धाडलं.

शुशान म्हणाली, "अहो, निदान शेजारी तरी सांगून जाऊ."

"सांगितलं तर सगळेच निघतील," तो म्हणाला. तेवढ्यापुरता तो शहाणाच होता म्हणा ना.

मग तो स्वतः भट्टी पेटवू लागला. घराच्या फरशीत बसवलेली, रोट्या भाजायची मातीची भट्टी, तिच्यात रोज ओली लाकडं घालायची आणि खोकत खोकत धूर करायचा. कुणी विचारलं तर शुशान तापाने पडलीय, मुली तिच्याजवळ आहेत, एवढं सांगायचं. दारावर थाप पडली की तो दार अर्धंच उघडायचा.

पण त्या मुलखातल्या रोट्या हातभर लांब. एकीने लाटायच्या, दुसरीने भट्टीच्या आतल्या अंगाला थापायच्या. एकटीचं ते काम नव्हे. शेजारची कुंभारीण रोज शुशानबरोबर थापायला येई. तीन दिवस धूर दिसला आणि रोटीचा वास काही आला नाही, तेव्हा ती वाडगाभर सूप घेऊन जिना चढली.

तोरोस दारात आडवा उभा राहिला. "तोरोसदादा, तिला एवढं पाजते आणि जाते," ती म्हणाली. "झोपलीय," तो म्हणाला. कुंभारणीने त्याच्या खांद्यावरून आत पाहिलं. उंबऱ्याशी मुलींचे जोडे नव्हते. तिने वाडगा ठेवला, घरी गेली आणि बोचकं बांधायला बसली.

तिने फक्त भावाला सांगितलं. भावाने फक्त मेहुण्याला. प्रत्येकाने 'कुणाला बोलू नका' असं बजावलं, त्यामुळे बातमी दोन दिवसांत शहरभर झाली. गाड्या वेशीशी येऊ लागल्या. कुणाच्या मावशीचं दुखणं, कुणाच्या भाच्याचं लग्न. तोरोसला प्रत्येक थाप ओळखू येत होती, कारण ती त्याचीच होती. अडवणार कोणत्या तोंडाने? तो निमूट दार उघडत राहिला.

सहाव्या दिवशी शहराचे वृद्ध पुढारी काठी टेकत आले. "तोरोस, एकच विचारतो. तुझ्या मुली वर आहेत ना?"

खरं सांगायला तेवढी एक घटका उरली होती.

"आहेत," तो म्हणाला.

पुढाऱ्यांनी थाप ओळखली आणि मान हलवली. संध्याकाळी त्यांचीही गाडी वेशीबाहेर पडली, आणि मागोमाग उरलेलं शहरही.

दहावा दिवस आला, अकरावा गेला. सैन्य दोन दिवसांच्या वाटेवरूनच दक्षिणेला वळलं. तटाला एक बाणसुद्धा लागला नाही. पण गेलेली माणसं परतेनात. आधी शेजारी परतू दे, मग आपण जाऊ, असं प्रत्येकजण म्हणत राहिला. बर्फ पडलं, आणि लोक जिथे होते तिथेच चुली मांडून बसले.

वसंतात शुशान मुलींना घेऊन आली. रिकाम्या रस्त्यावरून ती शेवटपर्यंत चालत गेली आणि परत आली.

"माणसं कुठायत?" तिने विचारलं. तोरोसने खाली मान घालून सगळं सांगितलं.

शुशानने वेशीच्या पायरीकडे बोट दाखवलं. मग म्हणाली, "त्या पायरीवर उभं राहून 'मलाही भीती वाटते' एवढंच म्हणायचं होतं. ती तर सगळ्यांनाच वाटत होती. सगळे मिळून तटावर उभे राहिले असते."

एका घराने शहर राहत नाही. आठवड्याभरात तीही चौघं निघून गेली.

तात्पर्य: ज्याच्या शब्दावर गाव विसंबतं, त्याने भीती कबूल केली तर गाव सावध होतं, लपवली तर ओस पडतं.