सावरखिंडीची बॅटरीवाली

फार फार वर्षं झाली या गोष्टीला. तेव्हाचं माणूस आता एकही उरलेलं नाही. मला माझ्या आजेसासूनं सांगितली, तशी मी सांगते. मध्ये कुणी 'हे कसं शक्य आहे' म्हणून तोंड उघडायचं नाही, आधीच सांगून ठेवते.

घाटाच्या डोक्यावर आमची सावरखिंड. तेव्हा ना वीज, ना सडक. एके साली सरकारातून चावडीवर रेडिओ आला. मोठी लाकडी पेटी, आणि तिला जोडायला मोटारीत असते तसली जड बॅटरी. रोज दिवेलागणीला त्यातून शेतीच्या गोष्टी सांगायचे. बियाणं कसं राखावं, रोग पडला तर काय करावं, सगळं. पुरुष मंडळी ओट्यावर पाय पसरून ऐकायची, माना डोलवायची आणि घरी जाऊन जेवून झोपायची. लावणी करायची बायांनी, बेणणी करून तण काढायचं बायांनी, बियाणं राखायचं बायांनी. पण चावडीची पायरी बाईनं चढायची नाही अशी रीत. आता बोला! ज्यांना सांगायचं त्या चुलीपाशी, आणि ऐकणारे विडी ओढतायत.

बॅटरी पंधरा दिवसांत उतरायची. गावाकडे दोन होत्या. एक वाजायची, तोवर दुसरी पाच कोस घाट उतरून बाजारगावात भरायला न्यायची. पण नेणार कोण? रेडिओची किल्ली लुमाजी कारभाऱ्याकडे असायची. त्यानं ठरवून टाकलं, की डोक्यावरचं ओझं म्हणजे बाईचं काम. झालं! गावाबाहेर टेपाडावर एक बाई एकटीच राहायची. नवरा तरणाच गेलेला, पोटी मूल नाही. तिच्या गळ्यात ते काम पडलं. तेव्हापासून सगळे तिला बॅटरीवाली म्हणायला लागले.

मजुरीच्या वर तिनं एकच मागितलं. "मागच्या भिंतीला टेकून बसू द्या मला. पायरी नाही चढणार." लुमाजी म्हणाला, बस.

ती रोज ऐकायची, आणि सकाळी बांधावर उभी राहून कुकारी द्यायची. "बायांनोऽऽ, बियाणं राखेत घोळून ठेवाऽऽ!" असं म्हणतात, की तिची कुकारी तीन डोंगर ओलांडायची आणि चरती गुरं माना वर करायची. या शेतातली बाई ऐकायची, ती पुढच्या शेतात हाक द्यायची. असं करत करत रेडिओ वाड्यावाड्यांवर पोचला. पण ऐकून झालं की जो तो आपल्या कामाला. "ये गं, भाकर खा चार घास," असं एकीच्याही तोंडून निघालं नाही. सणाला बोलावणं नाही, वाटेत भेटली तरी थांबणं नाही. गोष्ट इथं आली की माझी आजेसासू उठून चूल सारखी करायला लागायची. तीही त्या बायांतलीच ना!

मग एका साली भाताच्या लोंब्या भरल्या आणि अळी आली. दिवसा ढेकळाखाली दडायची आणि अंधारात लोंब्या तोडून खाली पाडायची. दोन दिवसांत खालची चार खाचरं गेली. वर्षाचं खाणं तेवढंच. बाया बांधावर डोक्याला हात लावून बसल्या.

बॅटरीवाली घाट उतरली आणि बॅटरी भरणाऱ्या दुकानदाराला म्हणाली, "रेडिओवाल्यांना एक कार्ड लिहून द्या. अळीला काय करावं, विचारा."

त्यानं लिहिलं. "खाली नाव काय घालू?"

तिनं डोक्यावरचा पदर नीट केला. मग म्हणाली, "हिरुबाई. मुक्काम सावरखिंड."

आठ दिवस ती भिंतीला कान लावून बसली. उत्तर काही येईना, अळी काही थांबेना. नवव्या दिवशी बॅटरी पार उतरायला आली. धो धो पाऊस. नाही गेली तर उत्तर येईल तेव्हा पेटी मुकी. म्हणून ती भरायला टाकलेली दुसरी बॅटरी आणायला घाट उतरून गेली.

आणि त्याच सांजेला रेडिओ म्हणाला, "सावरखिंडीच्या हिरुबाई विचारतात..."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. लुमाजीनं ओट्यावरूनच घरांकडे ओरडून विचारलं, "ही हिरुबाई कोण गं, कुणाच्या घरची?" कुणाला ठाऊक! शेवटी म्हातारी सुईण दारातून म्हणाली, "अरे मेल्यांनो, आपली बॅटरीवाली ती! हिरूच नाव तिचं."

बाया पिठाचे हात तसेच घेऊन धावल्या आणि पायरी चढून थेट पेटीसमोर जाऊन बसल्या. एकाचीही त्यांना उठवायची छाती झाली नाही. रेडिओ सांगत होता, राहिलेल्या खाचरांभोवती चर खणा, त्यात पाणी भरा, गवताचे ढीग ठेवा, अळी ढिगात दडली की सकाळी उचलून जाळा. सगळं ऐकलं, आणि मग पेटीचा आवाज बारीक होत बंद पडला. उजाडताच सगळ्या राबल्या. भात वाचलं.

पण हिरुबाई आली नाही. "अगं, तुझं नाव घेतलं रेडिओनं!" हे सांगायला अख्खं गाव खिंडीत उभं होतं. तिसऱ्या दिवशी पाऊस उघडला. घाटातल्या ओढ्याला लोंढा येऊन गेला होता. काठावरच्या उंच खडकावर तिच्या घोंगडीत गुंडाळलेली बॅटरी होती, कोरडी ठणठणीत. तिचा मात्र कुठंच पत्ता नाही. असं म्हणतात, की पंधरा दिवसांत उतरणारी ती बॅटरी एक वर्षभर वाजली. तिचंच नाव, तिच्याच प्रश्नाचं उत्तर, गावानं ऐकलं. तिला तेवढं ऐकायला मिळालं नाही.

आता घरोघरी मोबाईल आहेत. कुठली फवारणी, कधी पाऊस, सगळं बायांच्याच फोनवर येतं. पण सावरखिंडीत ते कुणी थेट लावत नाही. फोन घेऊन आधी बांधावर जायचं, घाटाकडे तोंड करायचं आणि मोठ्यांदा हाक मारायची, "हिरुबाईऽऽ, ये गं, उत्तर आलंयऽऽ!" मग ती यायला जेवढा वेळ लागेल, तेवढं थांबायचं. परवा माझी नातसून म्हणाली, "आजी, किती वेळ थांबायचं?" मी म्हटलं, बाई, घाट चढून यायचंय तिला, जरा दम धर.