लेपातले शेवटचे थेंब

"मग आधी का नाही आलास?" बुवांनी विचारलं.

"आधी तसा नियम नव्हता, बुवा."

यशोधन एका बड्या परदेशी औषध कंपनीत पेटंट विभागाचा प्रमुख. भाजल्यावर लावायचा लेप तो पोरवयात इथंच, सातपुड्याच्या पायथ्याच्या मठात, नागनाथबुवांकडून शिकलेला. कंपनीनं तो सुधारला होता, आता पेटंट हवं होतं. पण कायदा बदलला. मूळ विद्या कुणाकडून घेतली ते अर्जात लिहायचं, आणि त्याची सहीही आणायची. सही नाही तर अर्ज बाद, आणि यशोधनची खुर्चीही गेलीच म्हणून समजा.

"कंपनी सुधारतेय, बुवा. आता तुमचं नाव लागेल. नफ्यात मठाला वाटा मिळेल."

"अरे वा!" बुवा हसले.

तेवढ्यात वाडीतली ठकूबाई आली. उकळतं तेल उडून तिचा हात पोळला होता. बुवांनी खल यशोधनपुढे सरकवला.

मठाची रीतच अशी. लेप घोटणाऱ्यानं काय काय घालतोय ते रोग्याला मोठ्यानं सांगायचं, म्हणजे पुढच्या वेळी त्याला घरीच करता येतो.

यशोधन बाह्या सरसावून बसला. "ही हळद... हा कोरफडीचा गर... हे तिळाचं तेल..."

हात काही विसरला नव्हता. स्वारी खुशीत आली. त्या भरात त्यानं खिशातली कुपी काढली आणि कंपनीच्या नव्या अर्काचे थेंब खलात सोडले. त्या अर्कानं जखम निम्म्या वेळात भरायची.

"आन् ह्ये काय वो, सायेब?"

यशोधननं कुपी झटकन मुठीत लपवली. अर्जाआधी बाहेर बोललं, की पेटंटवर पाणी!

"ते... अर्ज दाखल होईपर्यंत सांगता येत नाही, बाई."

"मंग ऱ्हाऊ द्या." तिनं हात मागे घेतला.

यशोधनला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बुवांनी दुसरा खल ओढला. एकेक नाव सांगत लेप घोटला, हलक्या हातानं तिला लावला. ती गेली. मग त्यांनी अर्ज मागून घेतला, सावकाश वाचला आणि परत यशोधनच्या हातात ठेवला.

"सही, बुवा...?"

"सहीला माझी ना नव्हती रे. पण यात लिहिलंय, तू हे माझ्याकडून शिकलास... असल्या खोट्यावर सही कशी करू?"