राजा, मुंगी आणि उंबऱ्यावरची हळद

फार फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट, आणि शपथेवर सांगतो, अगदी खरी. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेली. आता तेव्हा माझा पणजोबाही जन्मला नव्हता, ते सोडा.

एक होता राजा. भारी गोडखाऊ. पुढे त्याला मधुमेह जडला आणि लघवीतल्या गोडीला त्याच्या मोरीत मुंग्यांची रांग लागू लागली. वैद्यबुवांनी काढा दिला, जिलेबी बंद केली, रोज पायी फिरायला लावलं. वर बजावलं, "महाराज, पावलं जपा. या दुखण्यात पाय हातचे जातात."

काढा कडू, चालणं त्याहून कडू. तेवढ्यात कुणीतरी कानात सांगितलं, की हळदीने मधुमेह पळतो. राजाने काढा मोरीत ओतला आणि हळद सुरू केली. तीही बासुंदीतून.

राणी म्हणाली, "पी हळद नि हो गोरी. असं कुठं असतं का, अहो?"

पण थोड्याच दिवसांत मोरीतल्या मुंग्या दिसेनाशा झाल्या. राजाने मिशीला पीळ दिला. "बघा. रोग गेला." वैद्यबुवांना त्याने शेला-नारळ देऊन वाटेला लावलं.

मग एका दुपारी राजा झोपाळ्यावर बसून बासुंदीची वाटी चाटत होता. सहज खाली पाहिलं, तर पायाच्या बोटाला मोजडी चावून जखम झालेली, आणि जखमेवर मुंगी.

"तू गेली होतीस ना गं?"

"जाते कुठं? तुमच्या दासीने मोरीच्या उंबऱ्यावर हळद टाकलीय. आमची जात हळद ओलांडत नाही. आतली गोडी आहे तश्शी आहे. बाहेरपर्यंत वास येतो."

राजा ओशाळला. "मग इथं काय करतेस?"

"मघापासून कडकडून चावतेय, महाराज. कळलं का?"

राजाच्या बोटाला काहीच कळलं नव्हतं. त्याने वाटी हळूच खाली ठेवली.

वैद्यबुवांना आणायला पालखी धावली. बोट गेलं, पाय वाचला.

"हळद बंद करू?" राजाने विचारलं.

"छे, आमटीत राहू द्या की. फक्त काढ्याच्या गादीवर बसवू नका."

तात्पर्य काय, तर खूण पुसली म्हणून दुखणं पुसलं जात नाही.

आता कबूल करतो, यात एक गोष्ट मी पदरची घातली. मुंगी बोलली, ते खरंच आहे. राजाने ऐकलं, ते माझं.